वजनवाढ, प्रौढांतील : मानसिक घटक

प्रौढ वयात वर्षागणिक चढत जाणाऱ्या वजनाला हातभार लावणारे भावना, विचार व खाण्याच्या सवयी यांतील घटक. आनुवंशिकता, आहार, श्रम आणि झोप यांच्या जोडीनेच त्यांचा विचार करावा लागतो.

संकल्पनेचा उगम एकच नाही. मनोविकारतज्ज्ञ हिल्डे ब्रूख (१९०४–८४) यांनी १९४० च्या सुमारास लठ्ठ मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. मूल कशानेही रडले तरी त्याला भरवलेच जात असेल, तर भूक आणि इतर अस्वस्थता यांतला फरक त्याला उमगत नाही, अशी मांडणी त्यांनी पुढे केली. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली शॅक्टर यांनी १९६८ मध्ये वेगळी वाट धरली : लठ्ठ व्यक्तींचे खाणे पोटातल्या भुकेपेक्षा घड्याळ, अन्नाचे दर्शन व चव यांवर अवलंबून असते. लठ्ठ व इतर अशी ही विभागणी टिकली नाही. अशा बाह्य खुणांवरून खाणारे लोक सर्वच वजनगटांत आढळतात, याकडे ज्यूडिथ रोडिन यांनी १९८१ मध्ये लक्ष वेधले.

पीटर हर्मन व डेबोरा मॅक यांचा १९७५ मधील प्रयोग अधिक बोलका आहे. काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक पाजून, चव पारखण्याच्या निमित्ताने सर्वांपुढे आइस्क्रीम ठेवले. एरवी मोकळेपणाने खाणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. खाण्यावर सतत पहारा ठेवणाऱ्यांनी मात्र, मिल्कशेक न मिळालेल्या आपल्यासारख्याच विद्यार्थिनींपेक्षा, जास्त खाल्ले. नियम मोडलाच आहे तर आता कशाला थांबायचे, असा विचार यामागे असावा, असे मानतात.

यावरून संयमच वजन वाढवतो, असा निष्कर्ष काहींनी काढला. दीर्घकालीन पाहण्यांत आहार आवरणाऱ्यांचे वजन पुढे वाढलेले दिसते खरे. पण मुळात ज्यांचा कल वजन वाढण्याकडे असतो तेच संयमाकडे वळतात, हे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. ॲल्बर्ट स्टंकर्ड व सॅम्युएल मेसिक यांच्या ५१ प्रश्नांच्या प्रश्नावलीत (१९८५) संयम, सुटलेला ताबा व भूक हे तीन घटक वेगळे मोजले जातात. त्यांपैकी ताबा सुटण्याच्या प्रवृत्तीचा वाढत्या वजनाशी संबंध सर्वांत सातत्याने आढळतो. त्यामुळे लठ्ठ माणसाला ‘मनावर ताबा नाही’ म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे : वर्षानुवर्षे ताबा ठेवण्यात ज्यांची शक्ती खर्च होते, त्यांचाच तो अनेकदा सुटतो.

नैराश्याशी असलेला संबंध दुहेरी आहे. १५ दीर्घकालीन अभ्यासांच्या २०१० मधील एकत्रित विश्लेषणात नैराश्यानंतर लठ्ठपणा येण्याचे शक्यता-गुणोत्तर (१ म्हणजे फरक नाही, १ पेक्षा जास्त म्हणजे शक्यता अधिक) १.५८, तर लठ्ठपणानंतर नैराश्य येण्याचे १.५५ आढळले. मात्र नैराश्यात अनेकांची भूक मरते. ती वाढते ती मुख्यतः झोपही वाढणाऱ्या प्रकारात. शिवाय मर्टाझापीनसारख्या काही नैराश्यरोधक औषधांनीही वजन वाढते, त्यामुळे आजाराचा आणि उपचाराचा वाटा वेगळा काढणे कठीण जाते.