पॅराग्लायडिंग : पहिल्या धड्याची तयारी

सांगाडा नसलेल्या कापडी पंखाच्या आधाराने, टेकडीच्या उतारावरून धावत जाऊन केलेले इंजिनविरहित उड्डाण म्हणजे पॅराग्लायडिंग. १९७८ मध्ये फ्रान्सच्या आल्प्समधील मियुसी या गावी काही पॅराशूटपटूंनी विमानाऐवजी थेट डोंगरउतारावरून उड्डाणे केली, तेथून हा खेळ रुजला. महाराष्ट्रात तो शिकण्याचे मुख्य ठिकाण पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील कामशेत. पुणे–लोणावळा लोकलच्या मार्गावरील या गावाभोवतीच्या बोडक्या टेकड्यांवर साधारण ऑक्टोबर ते मे या काळात वर्ग चालतात. पावसाळ्यात ते बंद असतात.

प्रशिक्षकाच्या पुढ्यात बसून घेतलेली ‘टँडम’ फेरी आणि शिकाऊचा धडा यांत गल्लत होते. टँडममध्ये प्रवाशाने चार पावले धावायचे, बाकी सगळे मागचा पायलट पाहतो. धड्यात मात्र पहिले तास, बहुधा पहिला पूर्ण दिवस, जमिनीवरच जातो. याला ‘ग्राउंड हँडलिंग’ म्हणतात. कापडाच्या कप्प्यांत समोरून हवा शिरली की पंखाला आकार येतो. तो डोक्यावर उचलून धरणे, एका बाजूला कलला तर त्याच बाजूला सरकून त्याच्याखाली येणे, आणि नको तेव्हा ब्रेक (पंखाची मागची कड खाली खेचणाऱ्या, हातात धरायच्या दोऱ्या) ओढून खाली बसवणे, एवढ्याचा सराव पुन्हा पुन्हा करावा लागतो. हा भाग कंटाळवाणा मानून उड्डाणाची घाई करणारे पुढे उतारावर अडखळतात.

साहजिकच तयारी मुख्यतः पायांची हवी. हार्नेस (पंखाला जोडलेली पट्ट्यांची बैठक), पंख, हेल्मेट आणि राखीव पॅराशूट मिळून ओझे १५–२० किलोच्या घरात जाते आणि ते पाठीवर घेऊन टेकडी अनेकदा चढावी लागते. आधीचे काही आठवडे चालणे आणि चढण चढणे पुरेसे. दंडाच्या ताकदीला फारसे महत्त्व नाही, कारण पंख ओढून उचलायचा नसतो, छातीने पुढे रेटायचा असतो. आपले वजन खरे सांगावे. प्रत्येक ग्लायडर, म्हणजे हा कापडी पंख, ठरावीक वजनमर्यादेसाठी बनवलेला असतो. त्याखालचा माणूस वाऱ्यात उगाच हेलकावतो, वरचा वेगाने खाली येतो. पाठीचे जुने दुखणे, फिट येणे, अलीकडची शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण प्रशिक्षकापासून लपवू नये.

घोटा झाकणारे बूट हवेत, पण लेस अडकवायचे उघडे हूक असलेले नकोत. त्यांत ग्लायडरच्या दोऱ्या अडकतात. पूर्ण बाह्या, लांब पँट आणि हातमोजे दोऱ्यांच्या काचण्यापासून वाचवतात. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत मावळातल्या गवताची कुसळे मोज्यांत अशी घुसतात की दिवसभर पाय खाजतो, म्हणून जाड विणीचे मोजे टाळलेलेच बरे. अंगठ्या आणि लोंबत्या साखळ्या घरी ठेवाव्यात. पाणी भरपूर घ्यावे, नाश्ता हलका असावा.

हेल्मेट आधी, मग मांड्यांचे पट्टे, मग छातीचा. सोडताना मांड्यांचे पट्टे सर्वांत शेवटी. हा क्रम रटाळ वाटला तरी मोडू नये, कारण मांडीचे पट्टे लावायचे विसरून उडालेला माणूस हार्नेसमधून खाली घसरू शकतो. उडताना उडी मारायची नसते आणि पाय उचलून घाईने बसायचेही नसते. पंख स्वतःहून उचलेपर्यंत धावत राहायचे. वाऱ्याने जमिनीवर ओढत नेले तर एकच ब्रेक हातावर हात टाकत पूर्ण खेचायचा. दोरी बोटांना गुंडाळणे मात्र धोक्याचे.

नवख्यासाठी समोरून येणारा, ताशी ८ ते १५ किमीचा एकसारखा वारा चांगला. ग्लायडरचा स्वतःचा वेग ताशी सुमारे ३५ किमी असल्याने जोराच्या वाऱ्यात तो पुढे सरकेनासा होतो. उन्हाळ्यात दुपारी जमीन तापून उष्ण हवेचे झोत उसळतात, म्हणून नवख्यांचा सराव सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर होतो. मधले तास झाडाखाली विंडसॉककडे (वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे) बघत बसण्यात जातात. वारा फिरला तर संपूर्ण दिवस कोरडा जातो. त्यामुळे नोंदणी करताना एक-दोन दिवस जास्तीचे धरावेत आणि परतीचे तिकीट त्याच संध्याकाळचे काढू नये.