फवारणीची विषबाधा की गोळ्यांचा ओव्हरडोस?

चोपडा-शिरपूरकडे ऑगस्ट-सप्टेंबरात कपाशीवर फवारणीची घाई असते. त्या दिवसांत कुणी बांधावर बेशुद्ध सापडला, की गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप पडतो, ‘फवारणीचं विष चढलं’. पुष्कळदा ते खरंही असतं. पण ट्रामाडोल किंवा कोडीन ही अफूच्या जातीची औषधं जास्त झालेला माणूसही असाच दिसतो. हाकेला ओ नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

फरक दिसतो तो श्वासात आणि अंगाच्या ओलेपणात. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही कीटकनाशकं अंगात भिनली की लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब सुरू होतात. छातीत घरघर होते, दंड-मांडीचे स्नायू आपोआप फडफडतात. अफूच्या जातीची औषधं मात्र मेंदूतलं श्वासाचं केंद्रच मंदावतात. माणूस गाढ झोपल्यासारखा पडतो, अधूनमधून घोरतो, दोन श्वासांतलं अंतर वाढत जातं, ओठ आणि नखं निळी पडतात. नुसत्या बाहुल्यांवर विसंबू नका. प्राणवायू फार कमी पडला तर त्या मोठ्याही होतात.

दोन्हीकडे पहिलं काम १०८ला फोन आणि माणसाला कुशीवर वळवणं. फवारणीवाल्याचे कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा, पण स्वतःच्या हातात मोजे हवेत. उलटी मुद्दाम करवू नका. दवाखान्यात त्याला अ‍ॅट्रोपिन लागतं, तेही छातीतली घरघर थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा. ओव्हरडोसवर उतारा नॅलोक्सोनचा. त्याचा असर साधारण ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, म्हणून शुद्धीवर आलेल्याला लगेच घरी नेणं धोक्याचं. मालेगाव-धुळ्याकडे जिला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती अल्प्राझोलम, ही गुंगीची गोळी अफूच्या जातीची नाही. तिच्यावर नॅलोक्सोन चालत नाही.

अमेरिकेत २०१७पासून ‘ओडीमॅप’ वापरतात. रुग्णवाहिकेचे किंवा पोलिसांचे लोक ओव्हरडोसची जागा, वेळ, माणूस वाचला की दगावला आणि नॅलोक्सोन दिलं का, एवढंच नकाशावर टाकतात. २४ तासांत एखाद्या भागात नोंदी ठरलेल्या आकड्यापुढे गेल्या, की तिथल्या यंत्रणांना इशारा जातो. यवतमाळात २०१७मध्येच फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक माणसं गेली. अशी नोंद आपल्याकडे शिवारनिहाय, त्याच दिवशी व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

तोवर ग्रुपवरच्या निरोपात कारण ठरवू नका, दिसतं ते लिहा: शिवार, वेळ, श्वास कसा, लाळ-घाम आहे का, जवळच्या बाटलीचा किंवा गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो. नाव टाकू नका. नाव फिरलं की घरचे गोळ्या लपवतात, फवारणीचं सांगतात, आणि डॉक्टरांचा मोलाचा वेळ जातो. एकाच शिवारात फवारणीचे दोन-तीन रुग्ण दिसले तर प्राथमिक आरोग्य केंद्रासोबत तालुका कृषी अधिकाऱ्यांना कळवा, म्हणजे तिथे वापरलेलं कीटकनाशकांचं मिश्रण मारणं थांबवता येईल. गोळ्यांचे असतील तर आरोग्य केंद्रासोबत अन्न व औषध प्रशासनाला.