चाळीस टक्के इकडचे, चाळीस टक्के तिकडचे

सप्टेंबर 2025 मध्ये आपल्याकडे मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी 40 टक्के झाला. तेव्हापासून गाड्यांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘चीनमध्ये तरी काय वेगळं आहे, मोठ्या इंजिनावर तिथेही 40 टक्केच!’ ऐकणारे माना डोलावतात. आकडा दोन्हीकडे चाळीस आणि मोजमाप दोन्हीकडे सीसीचं, म्हणजे हिशेब मिटला असं सगळ्यांना वाटतं. तो मिटलेला नसतो. आपल्या 40 टक्क्यांत 100 ची गाडी 140 ला पडते. चीनच्या 40 टक्क्यांत ती 167 ला जाते, आणि तिथला व्हॅट त्याच्यावर आणखी वेगळा.

आपल्याकडचं तुम्हाला पाठ आहे, म्हणून थोडक्यात. पेट्रोल 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 सीसीपर्यंत आणि लांबी चार मीटरच्या आत असेल तर 18 टक्के. यातली एक अट जरी मोडली तरी 40. म्हणजे दोनच खोल्या, आणि त्यातही लांबीचा पहारेकरी दारात उभा. याचा परिणाम बघा. जीएसटीच्या लेखी दीड लिटरची (लिटर म्हणजे हजार सीसी) क्रेटा आणि चाकणला बनणारी मर्सिडीजची तीन लिटरची एस-क्लास एकाच खोलीत बसतात. महागड्या गाडीच्या बॉनेटखाली दोन लिटर ठेवा नाहीतर चार, दर तोच. महाराष्ट्राचा एकरकमी वाहन करसुद्धा किंमत आणि इंधन बघतो, इंजिनाचा आकार बघत नाही. त्यामुळे आपल्या करानं 1197 सीसीची छोटी इंजिनं आणि आखूड डिकीच्या सेडान जन्माला घातल्या, पण आलिशान गाड्यांच्या इंजिनाला हातही लावला नाही.

चीनचं नेमकं उलटं आहे. तिथे लांबीचा प्रश्नच नाही. उलट लांबी त्यांना इतकी प्रिय की जर्मन कंपन्या खास चीनसाठी ताणलेल्या गाड्या बनवतात आणि नावापुढे ‘एल’ लावतात. तिथला उपभोग कर फक्त इंजिनाचं आकारमान मोजतो, आणि तेही सात पायऱ्यांच्या शिडीवर. एक लिटरपर्यंत 1 टक्का, दीडपर्यंत 3, दोनपर्यंत 5, अडीचपर्यंत 9, तीनपर्यंत 12. इथवर चढण सौम्य आहे. पुढे कडा येतो: तीनच्या वर चारपर्यंत 25 आणि चारच्या वर 40. हा कडा 1 सप्टेंबर 2008 रोजी तासला गेला. त्याआधी वरच्या दोन पायऱ्या 15 आणि 20 टक्क्यांच्या होत्या.

आता मुख्य घोळाकडे. आपला जीएसटी किमतीच्या बाहेरून लागतो. कर सोडून किंमत काढायची आणि तिच्यावर टक्के चढवायचे. चीनचा उपभोग कर किमतीच्या पोटात असतो. ज्या किमतीवर टक्के काढायचे तिच्यात तो कर आधीच धरलेला असतो. शेतकऱ्याला हातात 60 रुपये हवे असतील आणि विक्रीच्या रकमेतून 40 टक्के कापले जाणार असतील, तर माल 84 ला विकून भागत नाही, 100 ला विकावा लागतो. चीनचे 40 टक्के हे असे आहेत. करापूर्वीच्या किमतीशी ताडून बघितले तर ते 66.7 टक्के होतात. 25 चे 33.3 होतात आणि 12 चे जेमतेम 13.6. खालच्या पायऱ्यांवर आतला आणि बाहेरचा हिशेब जवळपास सारखाच येतो, म्हणून कुणाला फरक जाणवत नाही. वर जाल तसा तो फुगतो. कागदावर 12 वरून 25 आणि 25 वरून 40 अशा उड्या दिसतात, पण खिशातून जाताना त्या 13.6 वरून 33.3 आणि तिथून थेट 66.7 अशा असतात. उलट्या दिशेनं बघायचं तर आपले 40 टक्के चीनच्या पद्धतीनं मांडल्यास 28.6 भरतात. दोन चाळिसांना शेजारी ठेवून ‘सारखंच की’ म्हणणाऱ्यांनी हा एक भागाकार करून बघावा, एवढीच माझी विनंती.

आयात गाडीचा पूर्ण हिशेब मांडू, कारण सगळं नाट्य तिथे आहे. युरोपातून आलेली गाडी बंदरात 100 ला उतरली असं धरा. आयात शुल्क 15 टक्के (जुलै 2018 च्या आधी 25 होतं), म्हणजे 115. कर किमतीच्या पोटात, म्हणून या 115 ला कर वजा जाता उरणाऱ्या हिश्श्यानं भागायचं. दोन लिटरचं इंजिन असेल तर 0.95 ने, तीनचं असेल तर 0.88 ने, चारचं असेल तर 0.75 ने आणि त्याहून मोठं असेल तर 0.60 ने. मग वर 13 टक्के व्हॅट. उत्तरं येतात 137, 148, 173 आणि 217. गाडी तीच, पत्रा तोच, कातडी सीटसुद्धा त्याच. म्हणजे बंदरात 5 लाख युआनला उतरलेल्या गाडीत चार लिटरच्या आतल्या व्ही-8 (आठ सिलिंडरच्या) इंजिनाऐवजी 4.4 लिटरचं व्ही-8 असेल, तर दोन लाख युआनहून जास्त फरक पडतो. जादा सीसी जेमतेम चारशे. दर सीसीमागे पाचशेच्या वर युआन! आणि हे सगळं पावतीवर वेगळं दिसतही नाही. कर कारखान्यात किंवा सीमाशुल्काच्या दारात वसूल झालेला असतो, गिऱ्हाईकाला फक्त फुगलेली किंमत दिसते.

यावरून लगेच दुसरं टोक गाठलं जातं: ‘म्हणजे जर्मनांची 2.0, 3.0 आणि 4.0 लिटरची टर्बो इंजिनं चीनच्या करामुळेच आली.’ सावकाश. जर्मन कंपन्यांचा हल्लीचा पाढा अर्ध्या लिटरच्या सिलिंडरचा आहे. चार सिलिंडरचे दोन लिटर, सहाचे तीन, आठाचे चार. ज्वलनाच्या दृष्टीनं हा आकार सोयीचा, सुटे भाग तिन्ही इंजिनांत वाटून घेता येतात, आणि युरोपचे कार्बनचे नियमही डोक्यावर आहेतच. हा पाढा चीनच्या पायऱ्यांवर अगदी नेमका बसतो, आणि बसतो याचा कंपन्यांना आनंदही होत असणार. पण 2998 सीसीच्या बीएमडब्ल्यू इंजिनाकडे बोट दाखवून ‘हे बघा, चीन’ म्हणणं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. त्याच बीएमडब्ल्यूनं आपलं व्ही-8 मात्र 4395 सीसीचंच ठेवलं आणि चीनमध्ये ते 40 टक्क्यांच्या कड्यावर चढतं.

कराच्या हाताचा खरा ठसा बघायचा असेल तर या पाढ्यात न बसणारी इंजिनं शोधा. एस-क्लासची एस 400 एल चीनमध्ये आली ती अडीच लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनासह. तीन लिटरच्या इंजिनाचीच ही आटवलेली आवृत्ती, दर सिलिंडरला अर्धा लिटरही नाही, आणि नेम धरलाय थेट 9 टक्क्यांच्या पायरीवर. चाकणहून निघालेल्या एस 450 आणि एस 350डी या दोन्ही पूर्ण तीन लिटरच्या, कारण इथे आटवून काही मिळत नाही. त्याआधी ऑडीनंसुद्धा चीनमध्ये ए6एल आणि ए8एल या गाड्यांत टर्बो नसलेलं अडीच लिटरचं व्ही-6 विकलं होतं. ए8 एवढ्या धुडाला दोनशेच्या आसपास अश्वशक्ती! जॅग्वारची एक्सजे आणि बीएमडब्ल्यूची 730एलआय तर दोन लिटरवर उतरल्या. मागच्या सीटवर साहेब आणि पुढे ड्रायव्हर असेल तर चालूनही जातं म्हणा.

इथे मला या शिडीवरच राग आहे, तो लपवत नाही. ती सिलिंडरची पोकळी मोजते. टर्बोनं आत किती हवा कोंबली आणि किती ताकद काढली याच्याशी तिला देणंघेणं नाही. मर्सिडीज-एएमजीचं 1991 सीसीचं इंजिन 421 अश्वशक्ती काढतं आणि 5 टक्क्यांच्या पायरीवर आरामात बसतं. ऑडीचं ते शांत, निरुपद्रवी व्ही-6 याच्या निम्म्या ताकदीचं, आणि कर 9 टक्के. इंधन वाचवायचं असेल तर इंधनावर कर लावा, धूर मोजायचा असेल तर धूर मोजा. पातेल्याच्या आकारावरून किती जण जेवले हे ठरवण्याचा हा प्रकार आहे. आणि आवडीचं विचाराल तर तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडर ते तीन लिटरचंच हवं. अडीचवर आटवून बंदरभावाच्या शंभरात पाच वाचतात. एस-क्लास घेणाऱ्यानं त्यासाठी इंजिन कापून घ्यावं हे मला पटत नाही.

बाकीचे गोंधळ किरकोळ आहेत. चीनमध्ये दरवर्षी भरायचा वाहन करही सीसीवरच आहे. प्रांत ठरवतील त्याप्रमाणे चार लिटरच्या वर 3600 ते 5400 युआन. बऱ्याच जणांना ‘इंजिनावरचा कर’ म्हणजे हाच वाटतो, पण दहा लाख युआनची गाडी बाळगणारा यापायी इंजिन बदलत नाही. खरेदी कर 10 टक्के आहे आणि तो आलिशान गाडीचं इंजिन बघत नाही, किंमत बघतो. आणि डिकीवरच्या आकड्यावरून लिटर ओळखायची सवय आता सोडा. 730 वरून तीन लिटरचा भास होतो आणि आत दोन लिटर असतात.

एक कर मात्र खरोखर वेगळा आहे. डिसेंबर 2016 पासून 13 लाख युआन आणि त्यावरच्या गाड्यांना दुकानात विकताना जादा 10 टक्के लागायला लागले. जुलै 2025 मध्ये ही रेषा 9 लाखांवर आणली, व्हॅट सोडून. ही रेषा फक्त किंमत बघते. पूर्ण इलेक्ट्रिक गाडीला सीसीच नाही, म्हणून सात पायऱ्यांच्या शिडीवर तिचा पाय कधी पडलाच नव्हता. या नव्या रेषेवर मात्र 9 लाखांची इलेक्ट्रिक गाडीसुद्धा अडते, तिच्या बॉनेटखाली बॅगा ठेवायची मोकळी जागा असली तरी.