रेडिएटर, मोटारगाडीचा (जुन्या गाड्यांतील बदल व दुरुस्ती)

इंजिनाभोवती खेळून तापलेल्या पाण्याची उष्णता बाहेरच्या हवेला देणारे, पातळ नळ्या व पत्र्याच्या पापुद्र्यांच्या जाळीचे साधन. पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप), पंखा, होज पाइप आणि दाबाचे झाकण हे त्याचे सोबती. यांपैकी एक जरी निकामी झाला तरी दोष बहुधा रेडिएटरच्या माथी मारला जातो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः तांब्या-पितळेच्या रेडिएटरांचा विचार केला आहे. ‘रेडिएटर’ म्हणजे प्रारक. पण हे नाव फसवे आहे, कारण येथे उष्णता बहुतांशी अभिसरणाने (वाहत्या हवेबरोबर) जाते आणि प्रारणाचा (किरणांच्या रूपाने जाण्याचा) वाटा किरकोळ असतो. थंड देशांत घरे उबदार ठेवणाऱ्या साधनालाही हेच नाव असून ते साधन मोटारीच्या आधीचे आहे. त्याचे श्रेय सामान्यतः सेंट पीटर्सबर्ग येथील फ्रान्झ सान गाली यांना दिले जाते (१८५० चे दशक).

उगम : मोटारीच्या रेडिएटरचा जनक कोण, यावर एकमत नाही. अनेक लोकप्रिय ग्रंथांत कार्ल बेंझ यांचे नाव येते. मात्र १८८६ साली पेटंट मिळालेल्या त्यांच्या तीनचाकी गाडीत पाणी थंड करून परत आणण्याची सोयच नव्हती. सिलिंडराभोवतीचे पाणी उकळून वाफेच्या रूपाने निघून जाई व पुन्हा भरावे लागे. १८८८ मध्ये बेर्टा बेंझ मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेल्या तेव्हा वाटेत त्यांना वारंवार पाणी घालावे लागले होते. यास रेडिएटर म्हणणे म्हणजे चुलीवरच्या आधणाला शीतनयंत्र म्हणण्यासारखे आहे. १८९० च्या दशकात अनेक गाड्यांवर पापुद्रे लावलेल्या नळ्यांची वेटोळी दिसतात. ती रेडिएटरच्या व्याख्येत बसतात. परंतु तेवढी उष्णता घालवायला पाणी बरेच लागे.

विल्हेल्म मायबाख यांचा बारीक नळ्यांचा रेडिएटर साधारणतः १८९७ चा मानतात. त्यांचाच मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर १९००-०१ मध्ये ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीवर बसला. त्यात ६ मिमी. बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. हवा नळ्यांतून जाई आणि पाणी त्यांच्यामधल्या फटींतून. थोड्या पाण्यात मोठा पृष्ठभाग ही कल्पना येथे प्रथम पूर्णत्वास गेली, म्हणून आजच्या अर्थाने रेडिएटर मायबाख यांचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढील काळात नळ्यांतून पाणी व बाहेरून हवा अशी उलट मांडणी रूढ झाली, हे मात्र लक्षात घ्यावे.

पाणी फिरवण्याच्या बाबतीतही प्रगती सरळ रेषेत झाली नाही. फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या (१९०८-२७) पहिल्या सु. २,५०० गाड्यांत पाण्याचा पंप होता. नंतर तो काढून टाकून गरम पाणी वर चढते व थंड खाली उतरते एवढ्यावरच भिस्त ठेवली गेली. मेणाच्या प्रसरणावर उघडणारा थर्मोस्टॅट १९३० च्या दशकातला.

दाब : झाकणातील स्प्रिंग प्रणालीत दाब टिकवून धरते. वातावरणापेक्षा ०·५ बार (१ बार म्हणजे सु. एका वातावरणाएवढा दाब) अधिक दाबाला पाणी सु. १११° से.ला उकळते, १ बार अधिक असल्यास सु. १२०° से.ला. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली की हा सगळा फायदा जातो. महाबळेश्वराच्या उंचीवर (सु. १,३७० मी.) उघडे पाणी सु. ९५° से.लाच उकळते. चढावर खालच्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरते, पण गाडीचा वेग कमी असल्याने जाळीतून वारा पुरेसा जात नाही. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट गाड्यांचे कारण यातच आहे. फियाट ११०० वरून कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनवलेली पद्मिनी (१,०८९ घ. सेंमी.) मुंबईच्या टॅक्सींतून २०२३ साली हद्दपार झाली. हौशी मालकांकडे अशा गाड्या अजून आहेत.

बिघाड व निदान : नळाचे जड पाणी वर्षानुवर्षे वापरल्याने नळ्यांत क्षारांचा थर बसतो आणि जाळीचे काही पट्टे इंजिन गरम असतानाही थंड लागतात. जाळीच्या वर-खाली असलेल्या टाक्या व नळ्या यांच्या सांध्यांवरचा डाख (धातू जोडणारा मिश्रधातू) कंपनाने तडकतो. पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून पाणी ठिबकू लागले तर पंपाचे सील गेलेले असते. तेल दुधाळ होणे किंवा थंड गाडी सुरू करताच रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येणे ही हेड गॅस्केट (इंजिनाचा ठोकळा व त्यावरचे झाकण यांमधील सांधा बंद ठेवणारी चकती) उडाल्याची लक्षणे असून, अशा वेळी नवा रेडिएटर घालणे व्यर्थ ठरते.

थर्मोस्टॅट दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात टांगून तापमापकाने तपासतात, उघडण्याचे तापमान (पुष्कळदा ८२° से.) त्यावर कोरलेले असते. ‘आपल्या हवेत त्याची गरज नाही’ म्हणून तो काढून टाकण्याची रीत गॅरेजांतून सर्रास दिसते. ती समर्थनीय वाटत नाही. इंजिन योग्य तापमानाला यायला उशीर होतो, इंधन व झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटचीच दुसरी चकती आडवाट बंद करीत असल्याने, तो काढल्यावर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो.

बदलण्याची कृती : इंजिन पूर्ण गार झाल्याखेरीज झाकण उघडू नये. खालच्या टाकीचा कॉक सोडून पाणी काढतात, दोन्ही होज पाइप सोडवतात आणि बोल्ट काढून रेडिएटर वर उचलतात. चिकटलेला पाइप ओढण्यापेक्षा कापणे बरे, कारण ओढाताणीत टाकीची नळी वाकते. पाइप तसेही नवेच घालायचे असतात. खालच्या पाइपात स्प्रिंग असल्यास ती नव्यातही घालावी, नाहीतर पंपाच्या ओढीने तो चपटतो. फॅन बेल्ट, क्लिपा, थर्मोस्टॅट व झाकण याच वेळी बदलतात.

मूळ टाक्या ठेवून केवळ जाळी नवी बसवणे हा दुसरा मार्ग. मूळ रूप जपणारे मालक तो पसंत करतात. त्यासाठी डाखकाम जाणणारा कारागीर लागतो. ॲल्युमिनियमची जाळी व प्लॅस्टिकच्या टाक्या असलेले रेडिएटर हलके व स्वस्त, पण प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तडकले की सहसा अख्खा नग बदलावा लागतो.

कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) : सामान्यतः एथिलीन ग्लायकॉल व शुद्ध पाणी निम्मे निम्मे, असे मिश्रण सु. –३७° से.पर्यंत गोठत नाही. महाराष्ट्रात गोठण्याचा प्रश्न नसला तरी गंजरोधक द्रव्यांसाठी ते वापरावे. सेंद्रिय अम्लांवर आधारलेली नवी कूलंटे शिशाच्या डाखाला बाधतात की नाही याविषयी मतभेद आहेत; तांब्या-पितळेच्या रेडिएटरांसाठी जुन्या धर्तीचे, सिलिकेटयुक्त कूलंट घेऊन ते दर दोन वर्षांनी बदलणे अधिक सुरक्षित मानतात. रंगावरून प्रकार ओळखू नये, कारण रंगाचा कोणताही सर्वमान्य संकेत नाही. ग्लायकॉल गोडसर व विषारी असल्याने काढलेले द्रव उघड्यावर ओतू नये. कुत्री-मांजरे ते चाटतात.

भरताना हीटर असल्यास त्याची झडप उघडी ठेवतात, झाकण न लावता थंड इंजिन सुरू करतात आणि वरचा पाइप गरम होईपर्यंत, म्हणजे थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, थांबतात. अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडली की पातळी खाली जाते. तेवढी भर घालून झाकण लावतात व इंजिन गार झाल्यावर पातळी पुन्हा पाहतात.