स्टेटसवरचा धंदा

स्टेटसवरचा धंदा म्हणजे व्हॉट्सॲपचं स्टेटस, ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) आणि ग्रुप वापरून छोट्या दुकानदारांनी, घरगुती उद्योगवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी आपला माल थेट गिऱ्हाइकाला विकायची पद्धत. डिजिटल मार्केटिंग म्हटलं की क्लासवाले गुगल ॲड्स, एसईओ, फनेल असलं काय काय शिकवतात, पण महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी घरातून साड्या विकणारी ताई, देवगडचा बागायतदार, सोसायटीत केक करून देणारी काकू यांचं बहुतेक मार्केटिंग या एका ॲपवर चालतं आणि ते त्याला मार्केटिंग म्हणतही नाहीत, "स्टेटसला टाकलंय, बघा" एवढंच म्हणतात. जाहिरातीचा खर्च जवळपास शून्य. सगळा धंदा उभा असतो तो गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह असण्यावर, बाकी लोगो, बॅनर, डिझाइन वगैरे नंतरच्या गोष्टी.

हे सुरू कसं झालं

व्हॉट्सॲपच्या आधी दुकानदार बल्क एसएमएस पाठवायचे. दिवाळी ऑफर, सेल, नवीन स्टॉक, सगळं मेसेजमध्ये, आणि लोक वैतागलेले. मग ट्राय या दूरसंचार नियामकाचे नियम २७ सप्टेंबर २०११ पासून लागू झाले, डीएनडीवाल्या (जाहिराती नकोत अशी नोंद केलेल्या) नंबरांना जाहिरातीचे मेसेज बंद झाले, आणि पुढे २०१८ च्या नियमांनी तर मेसेज पाठवणाऱ्याला नाव, टेम्प्लेट सगळं आधी रजिस्टर करणं भाग पडलं. मोठ्या कंपनीला हे जमतं, चप्पलच्या दुकानाला नाही.

त्यात २०१६ साल आलं. एप्रिलमध्ये यूपीआय, ५ सप्टेंबरला जिओ, ८ नोव्हेंबरला नोटबंदी. नेट स्वस्त झालं, ज्यांनी कधी ईमेल उघडला नव्हता अशा लोकांच्या हातात थेट व्हॉट्सॲप आलं, आणि रोख नसल्यामुळे दुकानदारांनी नाइलाजाने का होईना क्यूआर कोड चिकटवला. २४ फेब्रुवारी २०१७ ला व्हॉट्सॲपने चोवीस तासांत गायब होणारं फोटो-व्हिडिओचं स्टेटस आणलं, जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळं ॲप आलं (सुरुवात इंडोनेशिया, मेक्सिको अशा देशांत, आपल्याकडे लगेच मागोमाग) आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यात कॅटलॉग आला. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला लागणारं कमिशन शून्य केलं गेलं. म्हणजे दाखवायला जागा फुकट, बोलायला फुकट, पैसे घ्यायलाही फुकट. नेमकं त्यानंतर तीन महिन्यांच्या आत लॉकडाऊन लागला आणि वहीच्या कागदावर किराण्याची यादी लिहून त्याचा फोटो वाण्याला पाठवायची सवय ज्यांना कधी लागली नसती त्यांनाही लागली.

फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने सांगितलेला आकडा होता भारतात व्हॉट्सॲपचे ५३ कोटी वापरणारे, आणि त्याच यादीत इन्स्टाग्रामचे २१ कोटी. छोट्या गावातला दुकानदार वेबसाइट का बनवत नाही याचं निम्मं उत्तर या दोन आकड्यांत आहे, आणि उरलेलं निम्मं म्हणजे वेबसाइटशी भाव करता येत नाही.

नंबर सेव्ह होणं

खरी गोम इथे आहे. स्टेटस दिसायला दोघांकडे एकमेकांचे नंबर सेव्ह लागतात, एकाकडे असून चालत नाही. ब्रॉडकास्ट लिस्टचंही तसंच, एका लिस्टमध्ये २५६ जण घालता येतात पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज जातच नाही. म्हणून फुकट असलं तरी हे सगळं फुकटात मिळत नाही, आधी माणसाने मनाने तुमचा नंबर ठेवून घ्यावा लागतो आणि तो ओळखीशिवाय, किंवा एकदा माल घेऊन समाधान झाल्याशिवाय कोणी ठेवत नाही.

त्यामुळे धंदेवाल्यांची निम्मी हुशारी यातच खर्च होते. पिशवीवर नंबर, बिलावर नंबर, केकच्या बॉक्सवर स्टिकर, काउंटरवर क्यूआर की स्कॅन केला की डायरेक्ट चॅट उघडतं, "नंबर सेव्ह करून हाय पाठवा, घरपोच फ्री". बचत गटाच्या बायका महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात स्टॉल लावतात तेव्हा विकलेल्या चटण्या-पापडांइतकंच महत्त्व तिथे जमलेल्या नंबरांना असतं, कारण पुढचं वर्षभर ऑर्डर त्यांच्याकडूनच येते. आपल्या बाजूने सेव्ह करायची पण एक पद्धत असते: "जोशी काकू उकडीचे मोदक", "पाटील हडपसर दोन पेटी", म्हणजे फोन वाजला की समोरचा कोण आणि काय घेतो ते नावातच. बिझनेस ॲपमध्ये यासाठी रंगीत लेबलं आहेत, नवीन गिऱ्हाईक, पैसे बाकी, पैसे आले वगैरे, पण माझ्या पाहण्यात तरी नावात लिहिणारेच जास्त.

स्टेटस कोणी पाहिलं याची यादी विकणाऱ्याला दिसते, आणि ही यादी कुठल्याही महागड्या रिपोर्टपेक्षा कामाची, कारण त्यात आकडे नसतात, माणसं असतात. सलग तीन दिवस पैठणीचं स्टेटस बघणाऱ्या वहिनींना चौथ्या दिवशी "ताई, ती मोरपंखी अजून आहे हं" असा मेसेज जातो. अर्थात ज्यांनी निळ्या टिका बंद करून ठेवल्यात ते या यादीत दिसत नाहीत, आणि त्यातलेच काही सगळ्यात जास्त खरेदी करणारे निघतात.

दिवसाला वीस-पंचवीस स्टेटस टाकले की वरती ठिपक्यांची रांग लागते आणि लोक म्यूट करतात. म्यूट केलेलं कळत नाही, फक्त बघणारे हळूहळू कमी होतात. जमलेले लोक मोजकंच टाकतात आणि मधे मधे घरचं काहीतरी, गणपतीची आरास, शेतातला पाऊस, पोराचा दहावीचा निकाल, कारण गिऱ्हाईक आधी ओळखीचं माणूस बघायला येतं, माल त्यातच दिसून जातो.

ग्रुप हा प्रकार वेगळा. त्यात १०२४ लोक मावतात, पण ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि एखादा स्पर्धक गुपचूप आत येऊन अख्खी यादी उचलून नेतो. शिवाय एकाने "माझा आंबा खराब निघाला" लिहिलं की ते सगळ्यांनी वाचलेलं असतं. म्हणून फक्त ॲडमिनने लिहायचे ग्रुप जास्त चालतात.

आंबा

या पद्धतीचं सगळ्यात ठळक उदाहरण हापूस. पूर्वी पेटी वाशीच्या मार्केटला जायची, तिथे दलाल, आडत, हमाली, आणि बागायतदाराला पट्टी (विक्रीचा हिशेब) हातात येईपर्यंत भाव काय लागला ते कळायचं नाही. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बाहेर विकायला मोकळीक दिली आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऐन हंगामात मार्केटचं गणित कोलमडल्यावर देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना थेट गाड्या पाठवल्या. सोसायटीतला एक जण ऑर्डर गोळा करतो, ग्रुपवर यादी फिरते, प्रत्येक जण खाली आपलं नाव आणि डझन लिहून पुढे ढकलतो, गाडी गेटवर येते. त्या वर्षी जे नंबर सेव्ह झाले त्यातले बरेच अजून टिकून आहेत, आणि फेब्रुवारी संपता संपता मोहोराचे, कैरीचे फोटो स्टेटसला यायला लागतात ते त्यांच्यासाठीच.

पण इथेच फसवणूकही सगळ्यात जास्त. कर्नाटकचा आंबा देवगडच्या खोक्यात भरून, दुसऱ्याच्याच बागेचे फोटो लावून विकणारे नंबर दर एप्रिलला उगवतात. २०१८ मध्ये कोकणातल्या हापूसला जीआय (ठरावीक भागातल्या मालाचं सरकारी मानांकन) मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांपुरतं, पण फोनवरच्या फोटोत जीआय दिसत नाही. २०२५ च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने फळावर वेगळ्या नंबरचा स्टिकर लावायला सुरुवात केली, स्टिकरचा फोटो पाठवला की आंबा कुठला ते कळतं. आणि ही पडताळणीसुद्धा व्हॉट्सॲपवरच.

साडी आणि फॉरवर्ड

साडीच्या धंद्यात एकच फोटो चार-पाच हातांतून जातो. विणकर किंवा होलसेलर फोटो टाकतो, खालची रिसेलर किमतीत आपले पैसे घालून पुढे टाकते, तिच्या खालची अजून घालते, आणि शेवटच्या गिऱ्हाइकाने "घेते" म्हटल्यावर वरती विचारपूस सुरू होते की पीस आहे का गेला. रिसेलर साडीला हात न लावता विकते, पार्सल परस्पर जातं. २०१५ मध्ये बंगळुरूत सुरू झालेली मीशो ही कंपनी सुरुवातीला याच साखळीवर वाढली. येवल्याची हातमागावरची पैठणी आणि यंत्रमागावरची सेमी पैठणी फोटोत सारखीच दिसते, त्यामुळे जाणकार गिऱ्हाईक व्हिडिओ कॉल करून पदराची उलटी बाजू दाखवायला सांगतं. फेसबुक लाइव्हवरही साड्या जातात, तिथे स्क्रीनशॉट काढून नंबरवर पाठवायचा, ज्याचा आधी आला त्याची साडी.

या साखळीला एकदा जोराचा झटका बसला, तोही साडीशी काही संबंध नसलेल्या कारणाने. २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा व्हॉट्सॲपवर देशभर फिरत होत्या, त्यातून ठिकठिकाणी जमावाने माणसं मारली. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांचा जीव गेला. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी फक्त पाच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, जी पुढे जगभर लागू झाली. ती गरजेचीच होती. पण दोनशे जणांना फोटो ढकलणाऱ्या रिसेलरला त्यानंतर ब्रॉडकास्ट लिस्ट आणि स्टेटसकडे वळावं लागलं, आणि आज दिसतो तो स्टेटसचा जोर बराचसा तिथून आलाय.

बाकीचे मार्ग

जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने रील्स आणले आणि केकवाले, दागिनेवाले तिकडे गेले. रीलने अनोळखी लोक येतात खरे, पण "प्राइस?" विचारून निघून जाणारेच जास्त, आणि ज्याला खरंच घ्यायचं तो शेवटी व्हॉट्सॲपवरच येतो. गुगल मॅपवरची नोंद मात्र फुकट असूनही लोक कंटाळा करतात, ते चुकीचं आहे. खानावळ, गॅरेज, दवाखाना, कोकणातला होमस्टे, जिथे अनोळखी माणूस "जवळपास" शोधत येतो तिथे स्टेटस काही कामाचं नाही, तिथे पिन बरोबर जागेवर असणं आणि चार खरे रिव्ह्यू असणं याच्यावर सगळं अवलंबून. पैसे भरून जाहिरात करायचीच तर छोटे लोक फेसबुक-इन्स्टाची ती जाहिरात घेतात ज्यात बटण दाबलं की थेट व्हॉट्सॲप चॅट उघडतं, कारण त्यात निदान बोलणं तरी सुरू होतं.

धोके

पेमेंटचा खोटा स्क्रीनशॉट ही रोजची गोष्ट, आवाज करणारे साउंडबॉक्स काउंटरवर आले त्यामागे हेही एक कारण. घरून विकणाऱ्यांना दुसरा फटका बसतो: कोणीतरी मोठी ऑर्डर देतो, ॲडव्हान्स पाठवतो म्हणून क्यूआर पाठवतो आणि पिन टाकायला सांगतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की ते जातात. असं झालं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम अडण्याची शक्यता जास्त.

दुसरा धोका नंबरच बंद होण्याचा. बल्क मेसेजची सॉफ्टवेअरं, जीबी व्हॉट्सॲपसारखी नकली ॲपं वापरून अनोळखी लोकांना धडाधड मेसेज टाकले की लोक रिपोर्ट करतात आणि नंबर बॅन होतो. पिशव्यांवर, बोर्डावर, दोन-तीन वर्षांच्या बिलांवर छापलेला तोच नंबर असतो. आणि ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही सुमारे सहा तास एकदम बंद पडले तेव्हा ज्यांचं गिऱ्हाइकाशी बोलणं फक्त चॅटवर होतं त्यांना तेवढा वेळ नवीन ऑर्डर घेता येईना की कोणाला काही कळवता येईना. अधिकृत एपीआय (व्हॉट्सॲपचीच मोठ्या धंद्यांसाठीची सोय) घेतला की मोठ्या संख्येने मेसेज पाठवता येतात, पण त्याला जाहिरातीच्या मेसेजमागे पैसे पडतात आणि मधे बहुतेकदा एजन्सी येते, वीस पेट्या विकणाऱ्याला ते परवडत नाही.

कायद्याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. घरातून फराळ विकला तरी एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी यंत्रणेची नोंदणी लागते. जीएसटीची ४० लाखांची सवलत ऐकून लोक निर्धास्त असतात, पण ती राज्याच्या आत माल विकणाऱ्याला आहे, करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवला की उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते, अपवाद ठरावीक हस्तकलेच्या वस्तूंचा. ताज्या आंब्यावर करच नाही, त्यामुळे देवगडहून पेटी हैदराबादला गेली तर प्रश्न येत नाही, चकलीचा डबा गेला तर येतो.