शेजार मोडून वाटलेला भार

नागपूरच्या इतवारी बाजारात सराफा ओळ वेगळी, किराणा ओळ वेगळी, भांडे ओळ वेगळी. सोन्याचा भाव दहा दुकानांत विचारायचा असेल तर शंभर पावलं पुरतात. पण अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी त्याच सराफा ओळीत पाय ठेवायला जागा नसते, आणि दोन गल्ल्या पलीकडे कोणी तरी माशा मारत बसलेलं असतं. समजा, ही सगळी दुकानं चिठ्ठ्या टाकून शहरभर पसरवली, एक सराफ जरीपटक्यात, दुसरा मानेवाड्यात. गर्दी कुठेच होणार नाही, पण भाव विचारत फिरणाऱ्याचा दिवस जाईल. पिअर-टू-पिअर जाळ्यांचा, म्हणजे लोकांचे संगणक एकमेकांशी थेट जोडून फाइल वाटणाऱ्या जाळ्यांचा, पंचवीस वर्षांचा इतिहास बराचसा या ओढाताणीचा आहे.

१९९९ च्या नॅप्स्टर या गाणी वाटण्याच्या सेवेत हा प्रश्न नव्हताच. गाणी लोकांच्या संगणकांवर, यादी कंपनीच्या सर्व्हरवर. यादी एका जागी होती म्हणून कोर्टालाही ती एका जागी सापडली. मार्च २००० मध्ये आलेल्या न्युटेला या जाळ्याने यादीच काढून टाकली. प्रत्येकाने आपल्या ओळखीच्यांना विचारायचं, त्यांनी त्यांच्या. गावभर दवंडी! हे ‘ओळखीचे’ मात्र भलतेच लांबचे निघाले. रिपियानू आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की न्युटेलाचे ४० टक्क्यांहून जास्त नोड, म्हणजे जाळ्यातले संगणक, अवघ्या दहा मोठ्या नेटवर्कांत होते, तरी एकाच नेटवर्कच्या आत राहणाऱ्या जोडण्या फक्त २ ते ५ टक्के. शेजारचा माणूस सोडून सगळे परगावी फोन लावत होते.

या गोंधळावरचं औषध खरं तर आधीच तयार होतं. १९९७ मध्ये एमआयटीच्या डेव्हिड कार्गर, टॉम लेटन, डॅनियल लेविन वगैरेंनी ‘कन्सिस्टंट हॅशिंग’ मांडलं होतं, वेबसाइटवर अचानक उसळणाऱ्या गर्दीसाठी. लेटन आणि लेविन यांनी पुढच्याच वर्षी अकामाई कंपनी काढली. कल्पना सोपी: फाइलचं नाव आणि संगणकाचा पत्ता दोन्ही हॅश करून, म्हणजे ठरलेल्या सूत्राने त्यांचा चिठ्ठी काढल्यासारखा आकडा बनवून, एकाच वर्तुळावर बसवायचे, फाइलच्या पुढे वर्तुळावर जो पहिला संगणक येईल, तो तिचा धनी. २००१ मध्ये कॉर्ड, कॅन, पेस्ट्री आणि टॅपेस्ट्री या हॅशिंगवर आधारलेल्या चार पिअर-टू-पिअर रचना जवळपास एकदमच आल्या. कॉर्डमध्ये हजार नोड असले तरी हवी ती फाइल एका नोडकडून दुसऱ्याकडे अशा सरासरी पाच उड्यांत सापडते.

किंमत कुठे मोजली? हॅशिंग भार वाटतं ते शेजार मोडूनच. एकाच फोल्डरमधल्या दोन फोटोंच्या नावांत एका अंकाचा फरक असला, तरी एक फोटो चिलीत आणि दुसरा पोलंडमध्ये जाऊन बसू शकतो. ‘१ ते १० तारखेच्या सगळ्या नोंदी दे’ असं विचारायची सोयच राहत नाही. शिवाय वाटणीही वाटते तितकी समान नसते. हजार नोड वर्तुळावर चिठ्ठ्या टाकून बसवले, तर सर्वात दुर्दैवी नोडच्या वाट्याला सरासरीच्या सुमारे सातपट तुकडा येतो. त्यावर उपाय म्हणून एका संगणकाने अनेक ‘आभासी’ नोड बनून वर्तुळावर ठिकठिकाणी बसायचं.

‘लोकॅलिटी’ या एका शब्दाखाली दोन गोष्टी दडल्या होत्या, आणि सुरुवातीच्या लेखनात त्यांची बरीच सरमिसळ दिसते, असं माझं मत. एक, माहितीचा शेजार: सारख्या नोंदी जवळजवळ राहणं. दुसरा, तारांचा शेजार: बोलणारे संगणक खरोखर जवळ असणं. कॉर्डच्या वर्तुळावर शेजारी असलेले दोघे प्रत्यक्षात धरमपेठेत आणि ब्राझीलमध्ये असू शकतात. तिथे पेस्ट्रीने चतुराई केली. पुढची उडी कोणाकडे मारायची यात बरेच पर्याय असतात, मग त्यातला जवळचा निवडा. सुरुवातीच्या उड्या त्यामुळे आखूड होतात, शेवटची मात्र बहुधा सर्वात लांब.

माहितीचा शेजार परत आणायचा पहिला गंभीर प्रयत्न २००३ चा. जेम्स ॲस्पनेस आणि गौरी शाह यांचा स्किप ग्राफ, आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्च व वॉशिंग्टन विद्यापीठातून आलेलं स्किपनेट. दोन्हींत नावं क्रमानेच राहतात. स्किपनेटने वर एक मधला मार्ग दिला: नावाचा पहिला भाग जागा पक्की करतो, उरलेला भाग हॅश होऊन त्या जागेच्या आतच विखुरतो. म्हणजे सराफ सराफा ओळीतच, फक्त ओळीतलं दुकान चिठ्ठीने. मला हा उपाय सर्वात शहाणा वाटतो, जरी व्यवहारात तो फारसा चालला नाही.

पण क्रम राखला की गर्दी एका जागी होणारच. २००४ मध्ये गणेशन, बावा आणि गार्सिया-मोलिना यांनी सुचवलं की रिकाम्या नोडने आपला माल शेजाऱ्याला देऊन उठावं आणि गर्दीच्या नोडशेजारी दुकान मांडावं. असं केल्यास सर्वात भरलेल्या आणि सर्वात रिकाम्या नोडमधला फरक ४.२४ पटीच्या आत ठेवता येतो, हे त्यांनी सिद्ध केलं.

तारांच्या शेजाराची गरज विद्यार्थ्यांना सिद्धतेशिवाय कळली होती. नागपुरातल्या आमच्या हॉस्टेलात बाहेरचं इंटरनेट रडत चालायचं, पण हॉस्टेलच्या आतल्या जाळ्यावर, लॅनवर, डीसी प्लस प्लस या फाइल वाटण्याच्या प्रोग्रामने पलीकडच्या खोलीतला सिनेमा चहा उकळेपर्यंत उतरायचा. बिटटोरेंट या फाइल वाटणाऱ्या पिअर-टू-पिअर जाळ्याला हे उशिरा जमलं. २००८ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या ‘ओनो’ या जोडप्रोग्रामने मजेशीर युक्ती केली: अकामाई ज्या दोघांना एकाच सर्व्हरकडे पाठवते, ते जवळचे समजायचे. हॅशिंगने मोडलेला शेजार हॅशिंगवर उभ्या राहिलेल्या कंपनीकडूनच विचारून घेतला!

आज हा वाद पिअर-टू-पिअरपेक्षा डेटाबेसांत जास्त भेटतो. ॲमेझॉनचा डायनॅमो २००७ चा, फेसबुकमधून आलेला कॅसांड्रा २००८ चा; दोन्हींत तेच वर्तुळ. कॅसांड्रात नोंदींचा गठ्ठा हॅश होऊन कुठेही पडतो, पण गठ्ठ्याच्या आत नोंदी क्रमाने लागतात, म्हणजे स्किपनेटच्या नेमकं उलट. गठ्ठा फार फुगला तर मात्र तो आपोआप फुटत नाही. कळमना बाजारातले संत्र्याचे भाव ‘कळमना’ एवढ्याच किल्लीखाली, म्हणजे गठ्ठ्याच्या नावाखाली, वर्षानुवर्षं साठवले, तर प्रोग्रामरला एक दिवस हाताने ‘कळमना-डिसेंबर’, ‘कळमना-जानेवारी’ अशा किल्ल्या कराव्या लागतात.