कॅन्सर संशोधनातली कॉमन फ्लो सायटोमेट्री फॅसिलिटी

संस्थेतल्या सगळ्या लॅबनी मिळून वापरायची एक खोली, तिथे पेशी एका रांगेत लेझरसमोरून जातात, एकेक करून मोजल्या जातात, आणि सॉर्टर असेल तर हव्या त्या पेशी जिवंतच वेगळ्या काढून मिळतात, ती म्हणजे फ्लो सायटोमेट्री फॅसिलिटी. लॅबमध्ये कोणी नुसतं "फ्लो" म्हणतं, कोणी सरसकट "फॅक्स" (FACS, म्हणजे फ्लुरोसन्स अॅक्टिव्हेटेड सेल सॉर्टिंग). खरंतर फॅक्स हा बेक्टन डिकिन्सन कंपनीचा ट्रेडमार्क आहे, पण झेरॉक्सचं झालं तसंच त्याचंही झालंय.

कॉमन ठेवायचं कारण अगदी सरळ आहे. चांगला सॉर्टर कोटींच्या घरात जातो, वर दरवर्षीचा मेंटेनन्स, आणि एका लॅबला तो आठवड्यातून काही तासच लागतो. म्हणून स्लॉट बुक करायचा, तासाचे चार्जेस भरायचे. साधा अॅनालायझर, म्हणजे पेशी नुसत्या मोजणारं, वेगळ्या न काढणारं मशीन, ट्रेनिंग घेतलेला विद्यार्थी स्वतः चालवतो, सॉर्टर मात्र बहुतेक ठिकाणी ऑपरेटरच चालवतो. महाराष्ट्रात खारघरचं अॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) आणि पुण्याचं एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) इथे अशा फॅसिलिटी आहेत.

सॉर्टिंगची कल्पना फार सुंदर आहे. पेशींची धार नॉझलमधून येते, नॉझल थरथरतं म्हणून धारेचे सेकंदाला हजारो थेंब होतात, आणि लेझरने हवी ती पेशी ओळखली की ती ज्या थेंबात आहे बरोबर त्याच थेंबाला विद्युतभार द्यायचा, मग दोन चार्ज केलेल्या प्लेट तो थेंब बाजूच्या ट्यूबमध्ये ओढून नेतात. लेझरपासून थेंब तुटेपर्यंत किती वेळ जातो तो म्हणजे ड्रॉप डिले, तो चुकला तर शेजारचाच थेंब ट्यूबमध्ये पडतो आणि दिवस वाया. अमेरिकेत लॉस अलामोसला मॅक फुलवायलर यांनी १९६५ मध्ये असं मशीन करून दाखवलं, थेंबाला भार द्यायची युक्ती त्यांनी स्टॅनफर्डच्या रिचर्ड स्वीट यांच्या इंकजेटवरून घेतली. पुढे स्टॅनफर्डमध्येच लेन हर्झेनबर्ग यांच्या टीमने त्याला फ्लुरोसन्सची, म्हणजे लेझर पडला की चमकणाऱ्या रंगांची जोड दिली. १९७५ मध्ये मोनोक्लोनल अँटिबॉडीची, म्हणजे एकाच ठरावीक प्रोटीनच्या एका जागेला चिकटणाऱ्या एकसारख्या अँटिबॉडी बनवायची पद्धत आली आणि मग पेशीवरचं कुठलं प्रोटीन रंगवायचं ते आपण ठरवू शकायला लागलो, माझ्या मते खरी मजा तिथून सुरू झाली.

कॅन्सरमध्ये याचा उपयोग किती म्हणावा! १९९४ मध्ये टोरांटोला जॉन डिक यांच्या गटाने ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) पेशी सॉर्ट केल्या आणि पृष्ठभागावर सीडी३४ हे प्रोटीन असलेल्या पण सीडी३८ हे नसलेल्या मोजक्या पेशीच उंदरात आजार पुन्हा उभा करतात हे दाखवलं, सॉर्टर नसता तर हा प्रयोग करणं अवघड होतं. लहान मुलांच्या ल्युकेमियात किमोनंतर दहा हजारात एखादी कॅन्सर पेशी उरली असेल तरी फ्लोवर ती सापडते, फक्त ती तपासणी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते, रिसर्च फॅसिलिटीत नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या मेहनतीतून आलेल्या, २०२३ मध्ये मंजुरी मिळालेल्या कार-टी उपचाराचं (यात रुग्णाच्याच टी पेशी बदलून कॅन्सरवर सोडतात) टार्गेट आहे सीडी१९, म्हणजे पेशी ओळखायला फ्लोवाल्यांचा रोजचाच मार्कर.

आता सॉर्टच्या दिवशी काय होतं ते बघा. ऑपरेशनमधून आलेला गाठीचा तुकडा बारीक चिरून एन्झाइममध्ये सुटा करायचा, ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळायचा, रंगवायचा, बर्फात ठेवून फॅसिलिटीत आणायचा. गाळणं नीट झालं नाही तर मेलेल्या पेशींचा चिकट डीएनए गुठळ्या करतो आणि ७० मायक्रॉनचं नॉझल तुंबतं, स्क्रीनवरची थेंबांची सरळ रेघ वाकडी होते, आणि ऑपरेटर काहीही न बोलता आधी कलेक्शन ट्यूब झाकतो. गाठीच्या सॅम्पलला म्हणून १०० मायक्रॉनचं नॉझल बरं, वेग कमी मिळतो पण पेशींना त्रासही कमी होतो.

सोबत न रंगवलेल्या पेशी आणि प्रत्येक रंगाची वेगळी ट्यूब लागतेच, कारण एका रंगाचा उजेड दुसऱ्याच्या डिटेक्टरमध्ये सांडतो, तो वजा करायचा म्हणजे कॉम्पेन्सेशन. सॉर्ट झाला की त्यातलाच थोडा भाग परत चालवून प्युरिटी बघतात. मग ब्लीच, मग पाणी, पुढच्या लॅबच्या ट्यूबमध्ये आपली एकही पेशी जाऊ नये म्हणून.